इन्सुलिनच्या बाटलीत नेमकं काय असतं?

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या जैन घरांतलं कुणी पहिल्यांदा इन्सुलिन न्यायला आमच्या मेडिकलात आलं, की किमतीच्या आधी एक प्रश्न ठरलेला. ‘हे जनावराचं असतंय काय ओ?’ प्रश्न रास्त आहे. एके काळी इन्सुलिन खरंच जनावराचं असायचं, आणि घरातल्या जुन्या माणसांनी ते ऐकलेलं असतं, कुणीकुणी टोचूनही घेतलेलं असतं. ‘नाही ओ, न्या बिनधास्त’ म्हटलं की माणूस बाटली घेऊन जातो, पण समाधान झालेलं नसतं. कारण खोक्यावर ‘ह्यूमन इन्सुलिन’ छापलेलं. जनावराचं नाही, मग माणसाचं? आणि माणसाचं म्हणजे कुणाचं?

कुणाचंच नाही. बाटलीतलं इन्सुलिन जिवाणूंनी किंवा यीस्टनं तयार केलेलं असतं. खोक्यावर बारीक अक्षरात ‘आर-डीएनए ओरिजिन’ असतं, त्याचा मतलब हाच. हे कसं जमतं ते कळायला आधी इन्सुलिन ही चीज काय आहे ते बघायला हवं. माझ्या मते त्यातली सगळी गंमत त्याच्या घडीत आहे. याची गोळी का निघत नाही, फ्रीज कशाला, जेवणाआधी अर्धा तास का थांबायचं, कारखान्यात एवढा खटाटोप का, कुठल्याही बाजूनं विचारलं तरी उत्तर त्या घडीपाशीच येतं.

इन्सुलिन हे प्रथिन आहे, म्हणजे डाळीत, दुधात, अंड्यात जे असतं त्याच कुळातलं. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली की प्रथिनाची साखळी होते. सजीवांच्या प्रथिनांत ही आम्लं मुख्यतः 20 प्रकारची, आणि कुठलं कितव्या जागी बसतं यावर ते प्रथिन काय काम करणार हे ठरतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनात अशी साडेपाचशेहून जास्त अमिनो आम्लं असतात. इन्सुलिन त्या मानानं एवढंसं, फक्त 51चं.

ही 51 दोन साखळ्यांत वाटलेली आहेत. ‘ए’ साखळीत 21, ‘बी’ साखळीत 30. दोन्ही एकमेकींना धरून राहतात त्या गंधकाच्या जोरावर. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लात गंधक असतं, आणि दोन सिस्टीन समोरासमोर आले की त्यांच्या गंधकांत पक्का बंध तयार होतो. इन्सुलिनमध्ये सिस्टीन सहा, म्हणून बंध तीन. ‘ए’ची 7वी जागा ‘बी’च्या 7व्या जागेशी बांधलेली, ‘ए’ची 20वी ‘बी’च्या 19व्या जागेशी, आणि तिसरा बंध ‘ए’च्याच पोटात, 6व्या आणि 11व्या जागेमध्ये. या तीन बंधांमुळे दोन्ही साखळ्या एका ठरावीक पद्धतीनं दुमडून बसतात. पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिन जिथं जाऊन बसतं ते प्रथिन, इन्सुलिनला ओळखतो तो या दुमडलेल्या आकारावरून. 51 अमिनो आम्लं तीच, क्रमही तोच, पण घडी विसकटली तर रिसेप्टरच्या लेखी ते इन्सुलिन नाहीच.

गोळी का नाही, त्याचं उत्तरही इथंच मिळतं. पोटात गेलेल्या डाळीच्या प्रथिनाचं जे होतं तेच इन्सुलिनचं होतं, ते पचतं. आतड्यातून रक्तात पोचेपर्यंत त्याचे तुकडे झालेले असतात.

आता शरीर हे काम कसं करतं ते बघू, कारण कारखान्यानं पुढं त्याचीच नक्कल केली. स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्यानं 1869 साली ती प्रथम टिपली. या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, पण दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवून मग जोडण्याच्या भानगडीत त्या पडत नाहीत. आधी 110 अमिनो आम्लांची एकच लांब साखळी तयार होते. तिच्या टोकाची 24 ही नुसता पत्ता असतात, पेशीच्या कुठल्या खणात जायचं ते सांगणारी. तिथं पोचल्यावर ती कापली जातात. उरलेल्या 86मध्ये एका टोकाला ‘बी’, दुसऱ्या टोकाला ‘ए’ आणि मध्ये जोडपट्टी. या 86च्या साखळीला प्रोइन्सुलिन म्हणतात. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी 1967 साली ती शोधून काढली.

मधल्या जोडपट्टीचं काम खडेबाजारातल्या कुठल्याही टेलरला पटकन कळेल. पक्की शिलाई मारण्याआधी तो कापड हललं जाऊ नये म्हणून कच्चा दोरा घालतो, आणि शिवून झालं की ओढून टाकतो. जोडपट्टी ‘ए’ आणि ‘बी’ला नेमक्या कोनात समोरासमोर धरते, गंधकाचे तिन्ही बंध आपापल्या जागी बसतात, आणि मग विकरं (एन्झाइम) जोडपट्टी दोन्हीकडून कापून बाजूला काढतात. ती काढलेली पट्टी म्हणजे सी-पेप्टाइड. टेलरचा दोरा कचऱ्यात जातो, सी-पेप्टाइड मात्र इन्सुलिनबरोबरच रक्तात सोडलं जातं, एकास एक या प्रमाणात. लॅबवाले ‘सी-पेप्टाइड’ म्हणून जी महागडी टेस्ट करतात ती याचीच. सुईतून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे रक्तात ते सापडलं तर समजायचं की रोग्याचं स्वतःचं स्वादुपिंड अजून काम करतंय. तरुण वयात शुगर निघाली आणि ती कुठल्या प्रकारची याचा उलगडा होत नसला, की डॉक्टर ही टेस्ट लिहून देतात ती यासाठी.

रक्तात उतरल्यावर इन्सुलिन स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींवरच्या रिसेप्टरला जाऊन बसतं. त्यासरशी पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेले ग्लुकोजचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घ्यायला लागतात. यकृतालाही निरोप जातो, साखर सोडणं थांबव, साठव म्हणून. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरपूर आणि पेशी उपाशी.

हे सगळं कळण्याच्या कितीतरी आधी इन्सुलिन औषध म्हणून वापरात आलं होतं. 1921 साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. प्रयोगशाळा जॉन मॅक्लिऑड यांची. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला अर्क टोचला, पण तो इतका अशुद्ध होता की सुईच्या जागी गळू झालं आणि साखर फारशी उतरली नाही. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानं दिवसरात्र खपून अर्क शुद्ध केला, आणि 23 जानेवारीपासून दिलेल्या डोसांनी मुलगा सावरला. नोबेल 1923 साली बँटिंग आणि मॅक्लिऑडना मिळालं. कॉलिपचं नाव आजही निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि मला विचाराल तर औषधाच्या बाटलीवर पहिला हक्क त्याचा. शुद्ध करता येत नसेल तर शोध लागून उपयोग काय?

त्यानंतर साठ वर्षं इन्सुलिन यायचं कत्तलखान्यातून. गाईगुरांची आणि डुकरांची स्वादुपिंडं बर्फात घालून कारखान्यात न्यायची. सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी डुकरांचा जवळजवळ दोन टन माल लागे. आजच्या हिशेबात आमच्याकडे मिळणाऱ्या 10 मिलिलिटरच्या एका बाटलीमागे शंभरेक ग्रॅम ग्रंथी झाल्या. चालायचं ते कशामुळे, तर डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फरक फक्त एका जागेचा आहे. ‘बी’ साखळीच्या 30व्या जागी माणसात थ्रिओनीन असतं, डुकरात अलानीन. गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन जागा वेगळ्या. घडी मात्र तिघांचीही तीच, म्हणून आपला रिसेप्टर ते स्वीकारतो. तरी काही जणांच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायची, सुईच्या जागी खड्डे पडायचे. आणि शुगरवाल्यांची संख्या वाढतच होती. जनावरं किती कापणार, हा प्रश्न कंपन्यांना 1970च्या दशकात भेडसावायला लागला होता.

51 अमिनो आम्लांचा क्रम तोवर माहीत झालेला होता. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनचे तुकडे करत करत, एकेक तुकडा ओळखत, 1955पर्यंत पूर्ण क्रम आणि तिन्ही बंध लावले. एखाद्या प्रथिनाचा क्रम पूर्ण उलगडण्याची ती पहिलीच वेळ. 1958 साली त्यांना नोबेल मिळालं. घडी दिसायला मात्र आणखी चौदा वर्षं गेली. ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र 1935 साली घेतलं होतं, आणि रचना जाहीर झाली ती 1969 साली. त्या गटात एम. विजयन नावाचा एक भारतीय तरुण होता. पुढं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्यभर प्रथिनांच्या रचनेवर काम केलं. त्या रचनेतून दिसलं की स्फटिकात इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती गट करून बसतात. ही सहाची टोळी लक्षात ठेवा, जेवणाआधीच्या अर्ध्या तासाचं मूळ तिच्यात आहे.

क्रम माहीत असेल तर त्याचा जनुक लिहिता येतो, कारण डीएनएची तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल. ‘ए’साठी 63 अक्षरं, ‘बी’साठी 90, शिवाय सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा. 1978 साली कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक या नव्या कंपनीनं सिटी ऑफ होप या संस्थेतल्या आर्थर रिग्ज आणि केइची इटाकुरा यांच्या साथीनं हेच केलं. माणसाच्या पेशीतून जनुक काढायच्या फंदात ते पडले नाहीत. अक्षराला अक्षर जोडून जनुक प्रयोगशाळेत बनवला. त्याच वेळी हार्वर्डचा एक नामांकित गट खऱ्या जनुकाच्या मागे होता. डीएनएच्या प्रयोगांवर तेव्हा कडक निर्बंध होते, म्हणून ती मंडळी इंग्लंडातल्या एका लष्करी प्रयोगशाळेत जाऊन काम करून आली, आणि हाती लागला तो आधीच्या कामातून भेसळ झालेला उंदराचा जनुक. कृत्रिम जनुकाला ते निर्बंध लागू नव्हते. तर, ‘ह्यूमन’मध्ये माणूस किती, याचं खरं उत्तर असं की माणसाकडून फक्त क्रम घेतला.

बनवलेला जनुक ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूत घालायचा. जिवाणूत मूळ डीएनएखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असते. ती विकरानं ठरावीक जागी कापतात, नवा जनुक मध्ये बसवतात, दुसऱ्या विकरानं सांधतात आणि कडी जिवाणूत परत सोडतात. जिवाणू दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होतो, आणि प्रत्येक नवा जिवाणू ती कडी घेऊनच जन्मतो. अडचण अशी की इन्सुलिनसारखं छोटं परकं प्रथिन जिवाणू लगेच मोडून खातो. म्हणून जेनेन्टेकनं ते जिवाणूच्याच एका मोठ्या प्रथिनाला जोडून लपवलं, आणि सांध्यात मिथिओनीन हे अमिनो आम्ल ठेवलं. सायनोजेन ब्रोमाइड नावाचं रसायन साखळी मिथिओनीनपाशीच तोडतं. मग इन्सुलिनच कसं तुटत नाही? कारण त्याच्या 51मध्ये मिथिओनीन एकही नाही. ही खाच ज्याच्या ध्यानात आली त्याला दाद द्यावीशी वाटते.

‘ए’ एका जिवाणूत, ‘बी’ दुसऱ्यात, असं करून दोन्ही साखळ्या नंतर एकत्र आणल्या. अमेरिकेत हे इन्सुलिन विकायला ऑक्टोबर 1982मध्ये परवानगी मिळाली. जनुक-तंत्रानं बनलेलं ते पहिलं औषध. पण दोन सुट्ट्या साखळ्या द्रावणात सोडून त्यांनी नीट जुळावं अशी आशा धरणं फार खर्चाचं पडतं. सहा सिस्टीन असले की त्यांच्या जोड्या लावायचे 15 मार्ग निघतात, आणि त्यातला बरोबर एकच. म्हणून लवकरच कारखाने शरीराच्या युक्तीकडे वळले. सगळं प्रोइन्सुलिनच बनवायचं, जोडपट्टीसकट. जिवाणूच्या पोटात ते गुठळ्या होऊन साठतं. गुठळ्या विरघळवायच्या, साखळी हळूहळू घडीत येऊ द्यायची आणि मग विकरं घालून पट्टी कापायची.

यीस्टला हे सारं जास्त सोपं जातं. उगारसारख्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवणारं आणि बेकरीत पाव फुगवणारं यीस्ट एकाच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. 1987 साली डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं याच यीस्टकडून इन्सुलिन करून घ्यायला सुरुवात केली. यीस्ट गंधकाचे बंध स्वतःच बरोबर लावतं आणि तयार साखळी पेशीबाहेर सोडतं, त्यामुळे गुठळ्या फोडायचं काम उरत नाही. बेंगळुरूच्या बायोकॉननं पिकिया नावाचं दुसरं यीस्ट वापरलं, त्याला मिथेनॉल पाजलं की ते भराभर प्रथिन करायला लागतं. त्यांचं इन्सुलिन 2004 साली बाजारात आलं. त्याच्या आदल्या वर्षी वोखार्टनं आपलं आणलं होतं. त्याआधी आपल्याकडचं ह्यूमन इन्सुलिन परदेशी कंपन्यांच्याच हातात होतं.

टाकीत आंबवणं एक वेळ सोपं म्हणायचं. खरा कस लागतो तो नंतरच्या शुद्धीकरणात. यीस्टचा चोथा वेगळा करायचा, विकरानं कापायचं, मग एकामागून एक स्तंभांतून गाळत चुकीच्या घडीचं, एखादं अमिनो आम्ल कमी असलेलं, अर्धवट कापलेलं असं सगळं बाजूला सारायचं आणि शेवटी जस्त घालून स्फटिक करायचे. एवढं करून आपल्या 400 युनिटच्या बाटलीत इन्सुलिन असतं सुमारे 14 मिलिग्रॅम. बाकी पाणी, थोडं जस्त, ग्लिसरीन आणि मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल. बाटलीला सुई टोचताना दवाखान्यातल्या फिनेलसारखा वास येतो तो त्याचाच. जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, आणि सहाची टोळी घट्ट राहायलाही त्याची मदत होते.

ती टोळी बाटलीत टिकाऊ असते, पण कातडीखाली टोचल्यावर आधी फुटून एकेकटी व्हावी लागते, तेव्हा कुठं इन्सुलिन रक्तात शिरतं. त्याला वेळ जातो. साधं, पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात ते म्हणून. शास्त्रज्ञांनी मग क्रमातच हात घातला. ‘बी’ साखळीच्या 28 आणि 29व्या जागची दोन आम्लं उलटसुलट केली, की रेणू एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि औषध पंधरा मिनिटांत कामाला लागतं. हे लिस्प्रो, 1996 सालचं. ग्लार्जिनमध्ये उलटा विचार आहे. ‘ए’चं शेवटचं आम्ल बदललं, ‘बी’च्या टोकाला दोन आर्जिनीन जास्तीची जोडली, ते बाटलीतल्या आम्लधर्मी द्रावणात विरघळून राहतं आणि कातडीखाली गेलं की साक्यासारखं बसतं, मग दिवसभर थोडं थोडं सुटतं. त्यामुळे ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये भरू नये.

दुधाळ बाटलीची गोष्ट वेगळी. 30/70 म्हणून जी सर्रास खपते तिच्यात 30 टक्के साधं इन्सुलिन आणि 70 टक्के एनपीएच, म्हणजे हळूहळू सुटणारं इन्सुलिन असतं. एनपीएचला रेंगाळत ठेवायला प्रोटामिन घालतात, आणि प्रोटामिन परंपरेनं येतं माशाच्या शुक्रद्रव्यातून. इन्सुलिन यीस्टचं असलं तरी हा एक घटक माशाचा. मी हे जैन गिऱ्हाइकांना आपण होऊन सांगतो. बहुतेक जण ‘औषधाला चालतंय’ म्हणतात. ज्यांना नकोच वाटतं त्यांनी स्वच्छ द्रावणाच्या पर्यायांबद्दल डॉक्टरांना विचारावं, स्वतःहून बदलू नये. या दुधाळ बाटलीत साका खाली बसतो, म्हणून भरण्याआधी ती दोन तळहातांत हलकेच घोळवायची. जोरात हलवायची नाही. फेसात घडी उलगडते आणि रेणू एकमेकांत गुंततात.

उष्णतेनंही तेच होतं. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रीजच्या दारात. बर्फाच्या खणाला टेकून ठेवलेली, गोठलेली बाटली वितळली तरी टाकून द्यायची. काचेला आतून दाणे किंवा धुरकट पापुद्रा चिकटलेला दिसला तरी तेच. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण 25 ते 30 अंशांपर्यंतच, आणि अथणी-रायबागकडं एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या घरात जातो. मळ्यात राहणाऱ्यांनी, जिथं करंट दिवसातून काही तासच असतो, बाटली प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून ती ओल्या मडक्यात ठेवावी. ही जुनी युक्ती चांगली चालते. खानापूर, जांबोटीच्या एसटीत मात्र इन्सुलिन बर्फाच्या खड्याला थेट लावून नेऊ नका, मध्ये कापड गुंडाळा.

आणि सीमाभागाची म्हणून एक खास काळजी. आपली माणसं दाखवायला मिरजेला, कोल्हापूरला जातात, तिथून इन्सुलिनचं पेन (काडतूस घालून टोचायचं) घेऊन येतात आणि संपलं की इथं बाटली मागतात. बाटली बहुतेक 40 युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरला 40, आणि पेनमधली काडतुसं 100ची. सिरिंजही तशाच दोन, लाल टोपणाची 40साठी, केशरी टोपणाची 100साठी. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं 20च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात 20 नव्हे, 50 युनिट. साखर धाडकन उतरून माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरतं. तेव्हा मेडिकलात येताना जुनी बाटली किंवा पेन आणि सिरिंज, दोन्ही सोबत आणा.